ती लाख नव्हे, आणि लाकूडही कोरलेले नसते

चिनी सम्राटांच्या लाल नक्षीदार डब्यांच्या छायाचित्रासोबत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्यानुसार हे डबे म्हणजे कोरलेल्या लाकडावर चढवलेली लाल लाख, आपल्या सावंतवाडीतले तेच काम, आणि ते घडवणारे कारागीर अनामिक. यातले एकही विधान टिकत नाही.

सावंतवाडीची लाख किड्यांपासून मिळते. ती उष्णतेने वितळते आणि निवली की घट्ट होते. त्या कामाचे मोल वेगळे आहे, ते कमी नाही. चिनी कामात मात्र झाडाचा चीक वापरतात, आणि ते झाड आंबा, काजू व बिब्ब्याच्या कुळातले असल्याने बिब्बा उततो तसाच हा चीकही अंगावर उततो. तो उन्हात वाळवत नाहीत. उबदार, दमट जागेत त्यातले विकर (एन्झाइम) हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने त्याला घट्ट करते, आणि मग तो कितीही तापवला तरी पुन्हा वितळत नाही.

लाकूड कोरल्याचा समज तर मूळ कौशल्यच झाकून टाकतो. आतला लाकडी डबा साधा, गुळगुळीत असतो. त्यावर हिंगूळ हे लाल रंगद्रव्य कालवलेल्या चिकाचा पातळ हात द्यायचा, तो घट्ट होईपर्यंत थांबायचे, मग दुसरा हात द्यायचा. असे डझनावारी, कधी शंभराहून अधिक थर चढतात, त्यात महिनोन्महिने जातात, आणि सुरी चालते ती या जाडीत. पाकळीचा कापलेला उतार निरखून पाहिला, तर काही नगांत लाल थरांमध्ये एक बारीक काळी रेघ दिसते आणि नक्षीच्या तळाशी पिवळी जमीन उघडी पडलेली असते. रंगवलेल्या लाकडात हे दिसणे शक्यच नाही.

राहिला अनामिकतेचा मुद्दा. युआन घराण्याच्या काळातल्या, ज्याशिंग भागातल्या झांग चेंग आणि यांग माओ या कारागिरांनी आपली नावे नगाच्या बुडाशी सुईने कोरली आहेत. झांग चेंगचा मुलगा झांग देगांग याला योंगले सम्राटाने (१४०३–१४२४) बीजिंगच्या कारखान्यात बोलावले. पुढे सोळाव्या शतकात हुआंग चेंग या कारागिराने या कलेवर ग्रंथच लिहिला आणि १६२५ साली यांग मिंगने त्यावर टीपा जोडल्या. राजवाड्याच्या नगांवर मात्र सम्राटाच्या राजवटीची मुद्रा असे, आणि गैरसमज बहुधा तिथूनच निघाला असावा. तीही निर्विवाद नव्हे: काही नगांवर श्वांदे राजवटीच्या (१४२६–१४३५) सोन्याने भरलेल्या अक्षरांखाली योंगले काळातली सुईने कोरलेली जुनी अक्षरे आजही पुसट दिसतात.