जीआय पत्र्याला गंज आल्याच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार. आपला रिव्ह्यू वाचला, सोबतचे फोटो मोठे करून नीट पाहिले. आपली तक्रार थोडक्यात अशी: आमच्याकडच्या १.२ मिमी जीआय (गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या) पत्र्याच्या उघड्यावर बसवायच्या पॅनेल-पेट्या केल्या, काही महिन्यांतच जोडांवर तांबडा गंज आला, उरलेल्या गठ्ठ्यावर पांढरी भुकटी धरली, आणि पत्र्यावर फुलं दिसत नाहीत म्हणजे तो गॅल्व्हनाइज्ड नाहीच, आम्ही 'हलका ग्रेड' खपवला. पैसे आणि मेहनत दोन्ही वाया गेल्यावर राग येणारच. पण प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा.

आधी फुलांचं. पत्रा वितळलेल्या जस्ताच्या बाथमधून (हौदातून) बाहेर पडल्यावर त्यावरचं जस्त थिजताना स्फटिक धरतं, तीच ही फुलं. बाथमध्ये शिसं असलं की ती मोठी उमटतात. आता शिसं फारसं वापरत नाहीत, शिवाय रंगकामासाठी सपाट पृष्ठभाग हवा म्हणून फुलं मुद्दाम बारीक ठेवतात. फुलांवरून लेपाची जाडी कळत नाही.

ग्रेडचं नाव आणि लेपाचा आकडा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बिलावर 'डीएक्स५१डी, झेड १२०' लिहिलंय. डीएक्स५१डी म्हणजे वाकवायला, घडी मारायला योग्य असा मऊ पत्रा. ताकद हवी असेल तर एस३५०जीडी घेतात, त्यात किमान ३५० मेगापास्कल यील्ड (कायमचा वाकण्याआधी पत्रा सोसतो तो ताण) मिळते. पण गंजाशी ग्रेडचा संबंध नाही. गंजाचं सगळं त्या 'झेड'पुढच्या आकड्यावर. झेड १२० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला साधारण ८ मायक्रॉन. झेड २७५ मध्ये तेच सुमारे २० मायक्रॉन.

बंदिस्त, कोरड्या जागेतल्या डक्टिंगला (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांना) ८ मायक्रॉन पुरतात, आणि आपल्या ऑर्डरवर वापर 'आतली डक्टिंग' असाच होता. उघड्यावरचं गणित वेगळं. हवा धातूला किती गंजवते याचे दर्जे ठरवणाऱ्या आयएसओ ९२२३ मानकानुसार मध्यम म्हणजे सी३ वातावरणात जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं, जास्त गंजवणाऱ्या सी४ मध्ये २.१ ते ४.२, आणि खाऱ्या, दमट सी५ मध्ये ४.२ ते ८.४. म्हणजे सी४ मध्ये झेड १२० दोन ते चार वर्षं टिकेल, सी५ मध्ये एक-दोन वर्षं. म्हणूनच आम्ही वापर विचारतो, आणि माल दुसऱ्या कामाला वळवायचा असेल तर कापण्याआधी एक फोन करा असं सांगतो.

तरीही, काही महिन्यांत तांबडा गंज का? आपला तिसरा फोटो पाहा. गंज वेल्डच्या दोन्ही अंगांना बोटभर रुंद पट्ट्यात आहे आणि त्यापलीकडचा सपाट भाग स्वच्छ आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद त्याहून कितीतरी वर वितळतं, त्यामुळे आर्क पेटला की जोडाजवळचं जस्त धूर होऊन उडून जातं. तिथे उघडं पोलादच उरतं, मग लेप १२० चा असो की २७५ चा. हे प्रत्येक जीआय पत्र्याला लागू आहे. (तो पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका, ताप भरतो.) झाकणावरचे टाचणीएवढे तांबडे ठिपके ग्राइंडरच्या ठिणग्यांचे दिसतात: पोलादाचे तापलेले कण लेपावर चिकटतात आणि तेच आधी गंजतात. पातळ पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापावा, डिस्कने नाही.

गठ्ठ्यावरची पांढरी भुकटी म्हणजे पांढरा गंज. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकलं आणि हवा लागली नाही की जस्तावर कार्बोनेटचा घट्ट थर बनत नाही, भुसभुशीत हायड्रॉक्साइड बनतं. पाऊस थेट लागायलाच हवा असं नाही, थंड गठ्ठा उबदार जागेत आणला तरी आत दव धरतं. गठ्ठा सुटा करून वाळवा, भुकटी नायलॉनच्या ब्रशने काढा. खालचा पत्रा राखाडी असेल तर वापरा, काळा पडला असेल तर लेप मोजूनच ठरवा. पुढे जमिनीपासून उचलून, एका बाजूला उतार देऊन, हवा खेळेल असा ठेवा.

तयार पेट्या हॉट डिपला (वितळलेल्या जस्तात बुडवायला) पाठवायचा सल्ला आपल्याला कुणीतरी दिलाय. कृपया पाठवू नका. आधी जुनं जस्त ॲसिडमध्ये उतरवावं लागेल, आणि १.२ मिमीचे सपाट पत्रे सुमारे ४५० अंशांच्या बाथमध्ये हमखास पिळवटतात. बंद पोकळीत ओलावा राहिला तर वाफेच्या दाबाने जोड फुटतो, हा धोका वेगळाच. नवीन पेट्या डिप करूनच हव्या असतील तर साध्या पत्र्यातून, जाडी वाढवून, निचऱ्याची आणि हवेची भोकं ठेवून करा, आणि पोलादातलं सिलिकॉन तपासा: ०.०४ ते ०.१५ टक्क्यांच्या पट्ट्यात थर बेसुमार वाढतो, ठिसूळ होतो.

आत्ताच्या पेट्या वाचतील. वेल्डचा पट्टा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, तेल पुसा, झिंक-रिच (जस्ताची पूड भरपूर असलेल्या) पेंटचे हात देऊन वाळलेला थर किमान १०० मायक्रॉन करा. एकावर एक आलेल्या जोडांच्या फटी सीलंटने बुजवा. मग सगळ्या पेटीला जस्तावर चालणारा इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. ऑइल पेंट थेट जस्तावर लावू नका, तो साबणासारखा होऊन पापुद्रे सुटतात.

लेप कमी होता ही शंका राहिली असेल तर ती मोजून मिटवू. गठ्ठ्यातला भुकटी न धरलेला पत्रा आणा. त्यातून वेगवेगळ्या जागचे १०० × १०० मिमीचे तीन तुकडे आपल्यासमोर कापू, वजन करू, इनहिबिटर (ॲसिडपासून पोलाद वाचवणारं रसायन) घातलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवू, धुऊन वाळवून पुन्हा वजन करू. एका तुकड्यामागे सरासरी १.२ ग्रॅम घट यायला हवी. कमी आली तर सगळा माल बदलून देऊ, तोही झेड २७५ मध्ये. येताना बिल आणि टेस्ट सर्टिफिकेटची प्रत आणा, कॉइल नंबर पडताळता येईल.