पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक, असं नसतं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दुकानदारांच्या आणि ई-सेवा केंद्रवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वारंवार फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा (एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, पीसीला वीज पुरवणारा डबा): ‘पीसी कधी चालू होतो, कधी होत नाही? रॅम काढून खोडरबराने घासा. तरी नाही झालं तर बोर्डावरचा सेल बदला. एसएमपीएसची हिरवी-काळी वायर जोडून बघा, पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ओके. गरमीमुळे असेल तर प्रोसेसरची पेस्ट बदला. एवढं करूनही नाही चालला तर मदरबोर्ड गेला.’

हा मेसेज वाचून लोक चांगले बोर्ड भंगारात देतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी त्याची सगळ्यात मोठी चूक पाहू. तो ‘चालू होत नाही’ हा एकच आजार धरतो. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टींना आपण तेच म्हणतो. बटण दाबूनही काहीच हलत नाही. पंखा झटका देऊन थांबतो. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी राहते. कंपनीचा लोगो येतो आणि पुढे सरकत नाही. पहिल्या दोन्हींत संशय वीज, एसएमपीएस आणि बटणावर, तिसऱ्यात रॅम, ग्राफिक्स आणि मॉनिटरच्या केबलवर, चौथ्यात हार्ड डिस्क, तिची साटा केबल किंवा विंडोजवर. मशीन कुठे अडलं हे न बघता स्क्रू ड्रायव्हर उचलणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

आता खोडरबर. घासल्यावर मशीन सुरू झालं हे बऱ्याचदा खरं असतं, पण श्रेय खोडरबराचं नसतं. रॅम काढायच्या आधी तुम्ही वायर काढलेली असते. शॉर्ट किंवा जादा करंट दिसला की एसएमपीएस स्वतःला बंद करून तसाच अडकून राहू शकतो आणि मेन सप्लाय तोडल्यावर मोकळा होतो. वर रॅम काढून पुन्हा बसवली की स्लॉटमधला संपर्कही नव्याने जुळतो. म्हणजे एका दमात तीन गोष्टी झाल्या आणि नाव खोडरबराचं. पुढच्या वेळी मशीन अडलं की फक्त वायर काढा, पॉवर बटण 10 सेकंद दाबून धरा, अर्धा मिनिट थांबून वायर लावा. एवढ्यानेच सुरू झालं तर रॅमला हात लावण्याआधी एसएमपीएस तपासा.

रॅमचीच शंका असेल तर घासू नका. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, खरखरीत रबराने तो झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरेसं आहे. दोन रॅम असतील तर एकेक लावून, एकाच स्लॉटमध्ये, चालवून बघा. जिनिंगजवळच्या दुकानांत कापसाचे तंतू कॅबिनेटमध्ये शिरतात आणि पावसाळ्यात त्यांना ओल धरते. तिथे आधी ब्लोअरने स्लॉट साफ करा. तेव्हा पंखे बोटाने धरून ठेवा.

सेलबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर 2032 सेल नवा असताना 3 व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. 2.8 च्या खाली गेला की बदला. रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या दुकानांत तो लवकर उतरतो. पण उतरल्याची खूण वेगळी असते: तारीख मागे जाते, बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंग पुसली जाते. मेलेल्या सेलवर अडून बसणारे बोर्ड आहेत, पण तारीख-वेळ बरोबर असेल तर सेलला दोष देऊ नका.

हिरव्या वायरचा सल्ला सगळ्यात फसवा. एसएमपीएसमधून बोर्डाला जाणाऱ्या 24 पिनच्या कनेक्टरमध्ये 16 क्रमांकाची पिन, म्हणजे हिरवी वायर, काळीला जोडली की एसएमपीएस सुरू होतो, हे बरोबर. नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायर काळ्या असतात, तिथे रंगावर न जाता पिन मोजा. पण पंखा फिरवायला नाममात्र करंट लागतो. बोर्ड, प्रोसेसर, डिस्क एकदम ओढू लागल्यावर व्होल्टेज टिकतं का, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी कनेक्टर बोर्डाला लावलेलाच ठेवा आणि मल्टीमीटरची टोकं मागच्या बाजूने पिनांत घाला. मशीन बंद, वायर लावलेली असताना 9 नंबरची जांभळी वायर 4.75 ते 5.25 व्होल्ट दाखवली पाहिजे. हा स्टँडबाय सप्लाय, बटणाची आज्ञा यावरच चालते. सुरू झाल्यावर पिवळी 11.4 ते 12.6, लाल 4.75 ते 5.25, नारिंगी 3.14 ते 3.47. राखाडी, पिन 8, बाकीचे व्होल्टेज स्थिरावल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत 5 व्होल्टजवळ चढायला हवी. ती चढलीच नाही तर बोर्ड प्रोसेसरला सुरूच होऊ देत नाही, पंखे मात्र फिरत राहतात.

बटण दाबताना जांभळीकडे लक्ष ठेवा. तिथे व्होल्टेज खाली बसलं तर बहुधा एसएमपीएसच्या आतला स्टँडबायचा कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) थकलाय. याच ठिकाणी खान्देशचं हवामान मध्ये येतं. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तापमान 10 अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यातला द्रव सुकत जातो. पण त्रास दिसतो डिसेंबर-जानेवारीत, कारण थंडीत उरलेल्या द्रवाचा रोध आणखी वाढतो. सकाळी पहिल्यांदा चार-पाच वेळा बटण दाबावं लागणं आणि नंतर दिवसभर काही तक्रार नसणं, ही याची नेहमीची खूण. वरून फुगलेला दिसेलच असं नाही. एसएमपीएस स्वतः उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतो. दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघा.

पेस्टचा, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या लेपाचा, मुद्दा लवकर संपतो. रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी गरमीने अडत नाही. पेस्ट सुकली तर ते सुरू होऊन मग बंद पडतं.

मेसेजमध्ये नाही आणि खान्देशात सगळ्यात आधी तपासायला हवं ते सॉकेटमधलं व्होल्टेज. रावेर, यावल, चोपड्याकडे जिथे शेतीपंप आणि वस्ती एकाच डीपीवर आहेत, तिथे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं. साध्या एसएमपीएसवर बऱ्याचदा 200–240 व्होल्ट इनपुट छापलेलं असतं. मशीन अडेल त्या क्षणी सॉकेटमध्ये मोजा, नंतर मोजून उपयोग नाही. यूपीएस मधून काढून थेट भिंतीलाही एकदा लावून पाहा.

‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी बोर्ड बाहेर काढा, कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, 24 पिन आणि प्रोसेसरची 4 किंवा 8 पिन, बाकी काही नाही. प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल तरच ग्राफिक्स कार्ड लावा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. असं प्रत्येक वेळी सुरू होत असेल तर दोष काढून ठेवलेल्या भागांत किंवा कॅबिनेटमध्ये आहे: चुकीच्या जागी बसलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंट) बोर्डाला खालून शॉर्ट करतोय किंवा बटण आत अडकतंय. बटण चारेक सेकंद दाबलेलं राहिलं तर मशीन सुरू होऊन लगेच बंद होतं, आणि ते पाहून बोर्ड बदलले जातात. प्रोसेसरच्या जुन्या सॉकेटचा नवा बोर्ड बऱ्याचदा मिळत नाही, मग प्रोसेसर आणि रॅमही घ्यावी लागते.

आणि ‘आता ठीक झालं’ कधी म्हणायचं? पाचांत एकदा अडणारं मशीन काहीच न करता सलग पाच वेळा नीट सुरू होण्याची शक्यता सुमारे 33 टक्के असते. सलग 14 वेळा नीट झालं तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. मोजायची ती थंड मशीनची सुरुवात, किमान काही तास बंद राहिल्यानंतरची. एका वेळी एकच वस्तू बदला, आणि कॅबिनेटवर कागद चिकटवून तारीख, वेळ, सॉकेटचं व्होल्टेज आणि अडण्याचा प्रकार लिहीत जा.