पॉलिमरच्या मिश्रणाला पेटंट मिळतच नाही?

बडोद्यातील छपाई आणि रसायन व्यवसायातील मराठी मंडळींत सध्या एक संदेश फिरतो आहे: “दोन जुने पॉलिमर एकत्र करून इंकजेट कागदाचे कोटिंग बनवले, तर भारतात पेटंट मिळतच नाही, तेव्हा अर्जाच्या भानगडीत न पडता नमुने खुशाल ग्राहकांना द्या.” यातले अर्धे विधान अपुरे आहे आणि उरलेला सल्ला घातक आहे.

पहिला मुद्दा कलम ३(ई)चा. १९७०च्या पेटंट कायद्यातील हे कलम मिश्रणे सरसकट नाकारत नाही. ज्या निव्वळ मिश्रणातून घटकांच्या गुणांची केवळ बेरीज हाती येते, तेवढेच ते वगळते. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन शाईतले पाणी झपाट्याने ओढते, पण दमट हवेत स्वतःच चिकट होते. जुलैत बडोद्यात अशा कोटिंगवर छापलेला फोटो प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढताना चर्रर्र आवाज होतो, तो त्यामुळेच. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा थर भक्कम, मात्र शाई सावकाश शोषणारा. दोन्ही मिसळल्यावर वाळण्याचा वेळ आणि चिकटपणा प्रमाणाच्या हिशेबाने मधोमध आले, तर ती बेरीजच, आणि तेवढ्यापुरता संदेश बरोबर आहे. पण एकाच कागदावर, सारख्याच जाडीचा थर देऊन, दोन्ही घटक स्वतंत्रपणे व निरनिराळ्या प्रमाणांत तपासले आणि एखाद्या टप्प्यात मिश्रण त्या हिशेबापेक्षा स्पष्टपणे सरस ठरले, तर पेटंट कार्यालयाच्या आक्षेपाला उत्तर देण्याजोगा पुरावा हाती येतो. हे आकडे अर्जाच्या तपशिलातच असावेत. आक्षेप आल्यावर धावपळीत केलेल्या चाचण्यांवर भिस्त ठेवू नये.

“घटक जुने, म्हणून शोधही जुना” हेही खरे नाही. प्रश्न त्यांचा मेळ जाणकाराला सहज सुचला असता का, हा आहे. धनभारित पॉलिमर ऋणभारित रंग धरून ठेवतो हे सर्वज्ञात असल्याने, पाण्याने रंग पसरत नाही एवढ्या दाव्यावर मात्र फारसे काही साधणार नाही. ज्ञात पदार्थाचे नवे रूप परिणामकारकता वाढल्याशिवाय न स्वीकारणाऱ्या कलम ३(डी)ची भीतीही अकारण वाढवली जाते: नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने परिणामकारकता वस्तूच्या उपयोगावरून ठरते असे म्हटले, आणि कोटिंगचा उपयोग शाई शोषणे हा आहे.

राहिला नमुन्यांचा सल्ला. अर्जापूर्वी खुलेपणाने विकलेले वा वापरलेले कोटिंग पुढे नवीनतेच्या आड येऊ शकते. मिश्रणाचे नेमके वर्णन असलेला तात्पुरता अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात आधी दाखल करता येतो, आणि संपूर्ण तपशील देण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात.