दोन दिवसांत गणपती का कोरून घेतला नाही? दोन तारे दिलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. गणपती कोरायला शिकू म्हणून आलात आणि दोन दिवस त्रिकोणच कोरायला लावले, त्यातला अर्धा दिवस धार लावण्यात गेला, वर सागाऐवजी 'हलकं' लाकूड दिलं, असं तुमचं म्हणणं आहे. फीही परत मागितली आहे. वर्गाला यायचा विचार करणाऱ्या इतरांनाही हे प्रश्न पडतील, म्हणून इथेच लिहितो.

तुम्हाला दिलेली फळी शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाची होती. नवीन हाताला शिवण फार चांगली: मऊ, आणि वाळल्यावर सहसा वाकत-फाटत नाही. सागात सिलिका असते, ती चांगली लावलेली धारही लवकर मारते. पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याचे सागात कोरलेले, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब पाहून सागाची ओढ लागणं साहजिक आहे, पण ते काम मुरलेल्या हातांचं आहे.

धारेचा अर्धा दिवस मात्र आम्ही कधीच कमी करणार नाही. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते आणि हात कापतो. फळीच्या टोकाला, जिथे तंतू आडवे कापले जातात, तिथे काप घेऊन बघायला सांगितलं होतं ते आठवत असेल. कापावर चमक आली तर धार लागली. पांढरी रेघ उमटली तर धारेला खाच आहे. ही पारख घरी एकट्याने काम करताना रोज लागते.

आता त्रिकोण. चिप कार्व्हिंगला, म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे काढत केलेल्या नक्षीला, एक सुरी पुरते. तीन तिरके काप घेतले की मधला तुकडा आपोआप सुटतो. कड चिरफाळली तर सुरी रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेच्या, उलट गेली, हे त्याच क्षणी दिसतं. तुमच्या फळीवर दुसऱ्या ओळीत कडा तुटल्या होत्या, शेवटच्या ओळीतले सगळे त्रिकोण स्वच्छ निघाले. तुम्ही ते 'वाया गेलेले दिवस' म्हणता, मला ती प्रगती वाटते आणि ती वेगाने झालेली आहे.

यानंतर उठावाचं काम येतं, म्हणजे फळीतून नक्षी वर उठून दिसेल असं कोरणं. बाह्यरेषेवर आधी उभा काप द्यायचा, मग गोल पटाशीने त्या कापाकडे येत जमीन, म्हणजे नक्षीभोवतीचा भाग, खोल करायची. उभा काप चुकला की पटाशी थेट नक्षीत शिरते. पूर्ण गोलाईची मूर्ती त्याच्याही पुढची. गणपतीची सोंड जिथे वळते तिथे तंतू आडवे जातात आणि तोकडे पडतात. मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) एक घाव जास्त बसला की सोंड तिथेच तुटते. म्हणून रेषा कुठल्या दिशेने ठेवायची हे पहिल्या कापाआधी ठरवावं लागतं आणि सोंडेमागचं लाकूड शेवटपर्यंत राखावं लागतं. रेषा ओळखता न येणाऱ्याच्या हातात मूर्तीचा ठोकळा देणं मला पटत नाही.

दोन्ही दिवस पूर्ण झाले असल्याने फी परत करता येणार नाही. पण तुमची गणपतीची इच्छा खरी आहे आणि हातही तयार होतोय. शनिवारी दुपारी आमचा एक बाक मोकळा असतो. तिथे तळहाताएवढा गणपती उठावात करू, वेगळे पैसे नकोत. त्रिकोणांची फळी सोबत आणा आणि येण्याआधी एक फोन करा, म्हणजे शिवणीचा चांगला तुकडा काढून ठेवतो.