"बघा, किती सोपं आहे!" म्हणणाऱ्या सरांनो...

आज भाचीबरोबर गणिताचा एक व्हिडिओ बघितला आणि डोकं फिरलं. सर अपूर्णांकांची बेरीज फटाफट सोडवतायत, कुठे खाडाखोड नाही, अडणं नाही, आणि मधूनमधून "बघा, किती सोपं आहे!" भाची मान डोलावत होती. मग मी तेच गणित जरा फिरवून शाब्दिक करून दिलं. पेन जागचं हललं नाही. वर म्हणते, "मावशी, मीच ढ आहे."

ढ कोण ते नंतर बोलू.

मला अपूर्णांक शिकवले शेजारच्या ताईने. तीही गणितात बेताचीच, पण सोडवताना मोठ्याने बोलायची. "अर्ध्यात पाव मिळवला आणि उत्तर दोन षष्ठांश? म्हणजे अर्ध्याहून कमी? छे, छेद सारखे केलेच नाहीत." खोडायची, परत मांडायची. उत्तर चुकलंय हे कशावरून ओळखायचं, ते मी तिथे शिकले. गणित कितीही फिरवून आलं तरी हीच गोष्ट कामाला येते. सरांच्या व्हिडिओत नेमकी तीच नसते, कारण ते चुकतच नाहीत!

आणि हे माझं घरगुती तत्त्वज्ञान नाही. डेल शंक या शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हेच तपासलं, तेही अपूर्णांकांवरच. गणितात मागे पडलेल्या मुलांना त्यांच्याच वयाची मुलं गणितं सोडवताना दाखवली. आधी अडखळून मग सावरणारं मूल ज्यांनी पाहिलं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास, पहिल्यापासून बिनचूक सोडवणारं मूल पाहिलेल्यांपेक्षा जास्त वाढला आणि गणितही जास्त सुधारलं.

हो, ज्याला आधीच जमतं त्याला बिनचूक नमुना चालतो. मान्य. आणि नुसतं चुकून तिथेच बसणाऱ्याकडे बघूनही काही हाती लागत नाही, ताई शेवटी उत्तरापर्यंत पोचायचीच.

सरांचाही दोष किती म्हणा. तयारी करताना तेही अडत असतील, ते कापून टाकतात. अडलेले सर कुणाला बघायचेत? आपल्यालाच नकोत. पालक लगेच म्हणणार, यांना येत नाही. पण मग पोरांसमोर "त्याच्याकडे बघून शीक" म्हणत दरवेळी पहिला आलेलाच कशाला उभा करता? काठावरून पुढे आलेला दाखवा की!

माझ्या यादीतल्या शिक्षकांनो, उद्या एक गणित तयारी न करता फळ्यावर घ्या. वर्गातल्या कुणालाही घालायला सांगा. अडाल तिथे मोठ्याने बोला. पोरं हसली तर हसू देत.