दीडशे वर्षांची पेटी आणि एक तृतीयांश भाव: मोरोक्कोतल्या खरेदीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या मोरोक्कोतल्या खरेदीवरच्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. ती रागावून लिहिलेली आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत, त्यामुळे 'धन्यवाद, वाचत राहा' म्हणून बोळवण करणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं, की 'अँटिक म्हणून काही घेऊ नका' हे माझं वाक्य तिथल्या प्रामाणिक दुकानदारांचा अपमान आहे, कारण आपण स्वतः माराकेशला दीडशे वर्षांपूर्वीची सीडरची, म्हणजे देवदाराच्या जातीच्या लाकडाची, पेटी घेतलीत आणि तिच्यासोबत प्रमाणपत्रही मिळालं. दुसरं, कारागिराशी घासाघीस करू नका हा सल्ला म्हणजे पैसेवाल्यांचा माज. आपल्या गाइडने शिकवल्याप्रमाणे मागतील त्याच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करावी. तिसरं, हे सगळं भारतात बनतं आणि स्वस्तात मिळतं, मग एवढं कौतुक कशाला? आणि जाता जाता विचारलंत की लेक-जावई फेब्रुवारीत निघालेत, त्यांनी घ्यायचं तरी काय?

आधी पेटी. मी ती पाहिलेली नाही, त्यामुळे ती जुनी आहे की नाही यावर मी बोलणार नाही. मी बोलते ती प्रमाणपत्राबद्दल. मोरोक्कोत १९८० सालचा २२-८० क्रमांकाचा कायदा आहे. देशाच्या इतिहासाच्या आणि कलेच्या दृष्टीने मोल असलेल्या जुन्या वस्तू सरकारी परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत, असं तो सांगतो. आपल्याकडे १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, त्याच वळणाचा. आता बघा, पेटी खरंच तेवढी जुनी आणि तेवढी मोलाची असेल, तर दुकानदाराने परवान्याचा विषय काढायला हवा होता. त्याने दिला तो स्वतःच्याच छापील कागदावर लिहिलेला चार ओळींचा मजकूर, खाली दुकानाचा शिक्का. तो कागद खरा मानला तर विमानतळावर अडचण आपली, आणि खोटा मानला तर फसगत आपली. दोन्हीकडून दुकानदार मोकळा. म्हणून लेखात मी त्या वाक्यात 'प्रमाणपत्र असलं तरी' हे शब्द मुद्दाम घातले होते, आपण ते गाळून उद्धृत केलंत.

हा प्रश्न हौशी पर्यटकाच्या पेटीपुरता नाही. २०२० साली फ्रान्सने मोरोक्कोला सुमारे २५ हजार वस्तू परत केल्या: जीवाश्म, दगडी हत्यारं, असं बरंच काही. त्याच्या पंधराएक वर्षं आधी फ्रेंच कस्टम्सने पकडलेला माल होता तो. तो कुणीतरी खणून काढला, कुणीतरी विकला आणि कुणीतरी 'आमच्या दिवाणखान्यात शोभेल' म्हणून घेणार होतं. ॲटलस पर्वतातल्या गावांची सामायिक धान्यकोठारं असत, त्यांना तिकडे अगादीर म्हणतात. त्यांची कोरीव दारं युरोपातल्या श्रीमंतांच्या भिंतींवर टांगली गेली आहेत. असं दार बाजारात खरं निघालं, तर मला ते नकली असण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

नकली बहुतेक असतंच, आणि ते कसं होतं यात लपवण्यासारखं काही नाही. नवं सीडरचं लाकूड घ्यायचं, ब्लोटॉर्चने वरवर जाळायचं, तारेच्या ब्रशने घासायचं. मऊ लाकूड झडतं, रेषा उठून दिसतात. मग चहाचं किंवा अक्रोडाच्या सालीचं पाणी, आणि वर मेण. बिजागऱ्या मिठाच्या पाण्यात टाकल्या की आठवडाभरात आजोबांच्या काळच्या होतात. उंटाच्या हाडाला मेंदी फासली की पर्यटकाला ते हस्तिदंत वाटतं. हे काम करणाऱ्यांचा मला मुळीच राग नाही, कारण ते कसबाचं काम आहे. 'जुन्यासारखी पेटी' म्हणून तिची किंमत सांगितली तर मी आनंदाने घेईन. भांडण फक्त त्या 'सारखी' शब्दापुरतं आहे. आपल्याला आपली पेटी तपासायचीच असेल तर वरून बघू नका, वरची बाजू बघण्यासाठीच सजवलेली असते. एखादी बिजागरी सैल करून तिच्याखालचं लाकूड बघा, तिथे ऊन आणि धूळ पोचलेली नसते. झीज कुठे आहे ते बघा: शंभर वर्षं उघडझाप झालेल्या झाकणाला हात लागतो तिथेच गुळगुळीतपणा येतो, चारी कडा सारख्या झिजत नाहीत.

चांदीचं तर याहून अवघड. तिझनीत हे दक्षिणेतलं गाव आजही चांदीसाठी नावाजलेलं आहे. पण ज्या जुन्या बर्बर (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) दागिन्यांची आपण दुकानात छायाचित्रं बघता, ते घडवणारे सोनार त्या भागात मोठ्या संख्येने ज्यू होते. १९४८ नंतर आणि मुख्यतः पन्नास-साठच्या दशकांत ती कुटुंबं इस्राएल आणि फ्रान्सला निघून गेली. मागे राहिलेले दागिने काही वितळले, काही संग्राहकांनी उचलले. आज माराकेशच्या दुकानात खिळ्याला टांगलेली 'आजीची' अंगावरचं वस्त्र अडकवायची मोठी टाचणी बहुधा जर्मन सिल्व्हर असते, आणि तिच्यातला 'अंबर' प्लास्टिकचा. खरं जुनं काय असतं ते डोळ्यांना कळावं म्हणून माराकेशच्या माजोरेल बागेतलं बर्बर कलांचं संग्रहालय आधी बघावं. २०११ साली सुरू झालेलं हे संग्रहालय छोटंच आहे, पण दागिन्यांच्या दालनात तासभर घालवला की बाजारातल्या निम्म्या वस्तू आपोआप डोळ्यांतून उतरतात.

आता माजाबद्दल. मी 'घासाघीस करू नका' असं लिहिलेलं नाही, 'कारागिराच्या उंबऱ्यावर करू नका' असं लिहिलं होतं. माराकेशच्या सूक सेम्मारीन बाजारातल्या चकचकीत दुकानात खुशाल करा. तिथे तो खेळच आहे आणि पुदिन्याचा चहा त्या खेळाचा भाग आहे. चहा प्यायला म्हणून काही घ्यायला बांधील होत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. फक्त तो एक तृतीयांशाचा मंत्र सोडून द्या. तो जगभरच्या प्रवाशांना पाठ आहे, म्हणजे दुकानदारालाही पाठ आहे. आपण तीनाने भागणार हे माहीत असेल तर तो आधीच चाराने गुणून सांगेल, इतका हिशेब त्याला येतो. आणि ज्या गाइडने मंत्र दिला त्यानेच दुकानही दाखवलं ना? त्याचं कमिशन आपल्या भावातच बसवलेलं असतं. आपण जिंकलो असं वाटावं ही त्याचीही गरज असते.

कारागिराकडे भाव वेगळ्या रीतीने ठरतो. फेझ शहरातल्या 'ऐन नोकबी' नावाच्या भागात झेलीजचं, म्हणजे रंगीत फरशांच्या तुकड्यांच्या नक्षीचं काम चालतं. तिथे मी बराच वेळ बघत बसले होते. पोरगेलासा कारागीर मांडी घालून बसलेला, समोर लहानशी ऐरण, हातात दोन्हीकडे धार असलेला जड हातोडा, मनकाश. झिलई दिलेल्या चौकोनी फरशीवर रेषा आखलेल्या. त्या रेषेवर तो छोटे छोटे घाव घालतो आणि तारा, चौकट, पाकळी असा एकेक तुकडा सुटा होतो. कडा मागच्या बाजूला किंचित तिरपी तासायची असते, म्हणजे समोरून दोन तुकड्यांत फट दिसत नाही. शेवटच्या घावात तुकडा फुटला की सगळं फुकट. मग मांडणारा दुसरा कारागीर हे शेकडो तुकडे पालथे मांडतो, रंग जमिनीकडे, कोरी माती वर. तो सगळा रंग आणि सगळी नक्षी डोक्यात ठेवून मांडत असतो. पाठीवर गिलावा पडून, सुकून, तयार तक्ता उलटेपर्यंत ती त्यालाही दिसत नाही. असल्या माणसाने छोट्या टेबलाचा भाव सांगितला, तर मी त्याला एक तृतीयांश म्हणणार नाही. परवडत नसेल तर छोटं काही घेते. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्याच्या दारात उभं राहून आपण तरी तसं म्हणतो का? फेझच्या सफ्फारीन चौकातले तांबट तसेच दारात बसून ठोकत असतात, आवाजावरूनच चौक सापडतो.

ज्यांना घासाघिशीचा मनापासून कंटाळा आहे त्यांच्यासाठी सरकारी कारागीर केंद्रं आहेत, एन्सांब्ल आर्टिझानाल नावाची. माराकेशला मोहम्मद पाचवे मार्गावर एक आहे. भाव ठरलेले, समोर काम चालू. बाजारापेक्षा काही वस्तू महाग वाटतील, पण बाजारात शिरण्याआधी तिथे एक फेरी मारली तर भावांचा अंदाज येतो.

भारतात बनतं, हा आपला मुद्दा मात्र मला आवडला, कारण तो आपल्याला वाटतो त्याहून जास्त खरा आहे. युरोप-अमेरिकेत 'मोरोक्कन' म्हणून विकले जाणारे कितीतरी पांढरे गालिचे उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात तयार होतात. अस्सल मोरोक्कन गालिच्यासारखंच काळ्या रेघांचं जाळं, तशीच जाड लव. भदोहीच्या विणकरांबद्दल मला नितांत आदर आहे, त्यांच्या हाताच्या गाठींना २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या नकलेत बहुतेकदा गाठ नसतेच. यंत्राच्या बंदुकीने लोकर कापडात ठोसायची आणि ती सुटू नये म्हणून मागे रबराचा थर देऊन वर कॅनव्हास चिकटवायचा. ते स्वस्त असणारच. मधल्या ॲटलसमधल्या बेनी उराइन जमातीच्या बायका जो गालिचा घरच्या मागावर गाठ-गाठ बांधून महिनोन्महिने विणतात, तो आणि हा एका तराजूत घालून 'तेच' म्हणणं दोघांवरही अन्याय आहे. भदोहीचा गाठींचा गालिचा भदोहीचा म्हणून घ्यावा, त्याची स्वतःची नक्षी काय कमी आहे का?

म्हणून लेकीला सांगा, गालिचा आधी उलटा करून बघ. पाठीवर गाठी दिसायला हव्यात, आणि त्या जराशा वेड्यावाकड्या हव्यात. टोकाच्या दशा गालिच्याच्याच उभ्या धाग्यांच्या असाव्यात, नंतर शिवलेल्या नकोत. मग लव बोटांनी फाकवून मुळापर्यंत बघायची. उन्हाने वर्षानुवर्षं उडालेला रंग टोकाला फिका आणि मुळाशी गडद असतो. टोकापासून मुळापर्यंत एकसारखा फिका असेल आणि लोकर हाताला कोरडी, ठिसूळ लागत असेल, तर गालिचा ब्लीचमध्ये बुडवून 'जुना' केलेला आहे. नाकाने हुंगलं तरी कळतं. नवा गालिचा नवा म्हणून घेण्यात काहीही कमीपणा नाही, उलट तो तीस वर्षं तुमच्याच पायांखाली जुना होईल.

'कॅक्टस सिल्क' किंवा साब्रा म्हणून जे चमकदार कापड गळ्यात मारतात ते बहुतेक ठिकाणी व्हिस्कोज असतं. रंग सुरेख असतात, उशांचे अभ्रे म्हणून छान दिसतात, तेवढ्याच भावाने घ्यावं. रेशमाच्या भावाने नाही. तामग्रूतच्या हिरव्या भांड्यांवर माझा जीव आहे. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या त्या गावातला हिरवा रंग तांब्याचा, आणि भट्टीत एकावर एक रचताना पडलेले डाग कुणी पुसत नाही. पण ती शोभेलाच ठेवा. जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसं असू शकतं, त्यात आंबट काही वाढू नये. स्वयंपाकासाठी ताजीन, म्हणजे शंकूसारख्या झाकणाचं भांडं, हवं असेल तर रंगीबेरंगी नक्षीचं नको, साधं बिनझिलईचं मातीचं घ्या, ते सगळ्यात स्वस्तही असतं. एसाविराला थुया लाकडाचे डबे मिळतात, झाकण उघडताच घमघमाट येतो. ते लाकूड मुळाशी असलेल्या गाठीतून काढतात, म्हणजे झाडच उपटावं लागतं, म्हणून मी मोठं फर्निचर घेऊ नका म्हणेन. छोटीशी डबी पुष्कळ झाली. चामड्याच्या चपला फेझला घ्याव्यात, मात्र चुआरा चर्मालयातली रंगाची कुंडं ज्या दुकानाच्या गच्चीवरून दाखवतात त्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही. कातड्याच्या वासावर उतारा म्हणून हातात दिलेली पुदिन्याची काडी फुकटच असते.

गालिचा घेतलाच तर शक्यतो सोबतच आणावा. दुकानदार दोरीने इतका आवळून देतात की मध्यम आकाराचा सुटकेसमध्ये बसतो. पाठवून घ्यायचाच असेल तर त्याच्या पाठीवर पेनने सही करून फोटो काढून ठेवायचा, नाहीतर घरी भलताच येऊ शकतो. आणि दिऱ्हाम लागतील तेवढेच बदलून घ्यायला सांगा, कारण ते चलन थोड्या रकमेपलीकडे देशाबाहेर नेता येत नाही. उरलेच तर निघण्याच्या आदल्या दिवशी साफी गावच्या मातीच्या निळ्या वाट्यांत घालवावेत, मोजे-टीशर्टांच्या मधोमध गुंडाळल्या तर फुटत नाहीत.