निवारण झालं म्हणे!

‘आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. कृपया आमच्या सेवेला गुण द्या.’

रात्रीचे पावणेबारा. घरात मिट्ट काळोख, गच्चीवरची टाकी कोरडी, अंगाला घामाच्या धारा आणि हातात वीज कंपनीचा हा मेसेज. अरे, कुणाच्या घरातलं निवारण? संध्याकाळी वळवाचे चार थेंब पडले तेव्हा माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला, तो थांबलेलाच आहे. गुण द्या म्हणे! शून्य द्यायची सोयच नाही त्यात, एकपासून सुरुवात. म्हणजे मला अंधारात बसवल्याबद्दलही एक गुण तुमचा ठरलेला.

हा मेसेज येतो कसा हे मला ठाऊक आहे, म्हणून तर डोकं जास्त फिरतं. सबस्टेशनात ११ केव्ही फीडरचा, म्हणजे आमच्या भागाला वीज देणाऱ्या मुख्य वाहिनीचा, ब्रेकर लागला की कागदावर अख्खा फीडर सुरू. त्यावरच्या सगळ्या तक्रारी एका फटक्यात बंद. मग पुढे कुठल्या डीपीचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडालाय, कुठला जंप (तारांचा जोड) तुटलाय, घरांकडे येणारी कुठली एलटी लाईन गुलमोहराच्या फांदीखाली आडवी झालीय, त्याच्याशी ब्रेकरला काय देणंघेणं! म्हणून समोरच्या सोसायटीत झगमगाट आणि आमच्याकडे स्मशान. त्यांची डीपी वेगळी. आणि आमच्या तक्रारी बंद, म्हणजे यादीत आता आम्ही नाहीच. पुन्हा फोन, पुन्हा ‘मराठीसाठी एक दाबा’, पुन्हा तो लांबलचक ग्राहक क्रमांक, तो वाचायला जुनं बिल, बिल शोधायला बॅटरी. एवढं सगळं झाल्यावर ती मुलगी गोड आवाजात सांगते, “सर, तुमच्या भागात सप्लाय सुरू दिसतोय.” तुला दिसतोय गं बाई. मला इथे माझा हात दिसत नाहीये.

सबस्टेशनचा फोन? तो एंगेज. तिथला रिसीव्हर पाऊस सुरू झाला की आपोआप खाली उतरून बसत असावा.

आणि तो नवा मीटर! चांगला चालणारा जुना काढून स्मार्ट बसवून गेले. दर अर्ध्या तासाचा माझा वापर त्याच्याकडे नोंदलेला. मी पहाटे गीझर लावला तरी त्याला ठाऊक. वीज गेल्याचा निरोप पाठवायचीही सोय असते म्हणे असल्या मीटरांत. मग तो वाचतं कोण? बिलाचा आकडा बिनचूक पोचतो, अंधाराचा तेवढा वाटेत हरवतो.

मोठ्या वादळानंतर काम कसं चालतं ते कळतं हो मला. आधी अतिउच्चदाबाच्या वाहिन्या, मग उपकेंद्रं, मग ३३ आणि ११ केव्ही, त्यातही दवाखाने नि पाणीपुरवठा पुढे. जिथे एका दुरुस्तीत हजार घरं उजळतात तिथे माणूस आधी जाणार, आमच्या गल्लीच्या डीपीला शेवटी. मान्य. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनच्या मावशीकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. खांबच्या खांब आडवे, घरावर कौल उरलं नाही, तिथे विजेसाठी भांडणार कोण? तिने चकार शब्द काढला नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. दिवसभर टीव्हीवर दुसरी बातमी नाही, लगेच चौकशीच्या घोषणा, आणि काही तासांत बरीचशी मुंबई पुन्हा उजळली. मावशीच्या काळोखाच्या वाट्याला एवढा टीव्ही काही आला नाही. असो. पण काल काय होतं? वळीव! दरवर्षी मे महिन्यात येतो. पंचांगात बघायचीसुद्धा गरज नाही.

साडेबाराला वीज आली. दोन सेकंद. पंख्याने अर्धा वेढा घेतला, फ्रीज हुंकारला, खालून पोरं ‘आऽऽली’ ओरडली, आणि गेली. ह्याला ट्रायल म्हणतात. लाईन चार्ज करून बघायची, टिकली तर टिकली. मग खरंच आली, तर सगळ्या सोसायटीचे एसी, पंप, लिफ्ट एकदम चालू, आणि आमच्या डीपीचा फ्यूज पुन्हा उडाला. सेक्रेटरी आधीपासून ग्रुपवर कोकलत होते, ‘कृपया एसी बंद ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या.’ आडनाव घेत नाही, पण तिसऱ्या मजल्यावरचा तो एसी बंद ठेवणाऱ्यांतला नव्हे. ग्रुपवर ‘तुमच्याकडे आली का?’ विचारणाराही तोच. घरात इन्व्हर्टर आहे मेल्याच्या!

शेवटी वायरमन आला. एकटाच, मोटरसायकलवर, नखशिखांत भिजलेला. मी भाषण तयार करूनच जिना उतरलो होतो. वीज कायदा २००३ पासून सुरुवात, मग ग्राहकाचे हक्क, मग तुमचा तो मेसेज. तो म्हणाला, “साहेब, जरा बॅटरी धरा.” धरली. एबी स्विच खाली ओढून त्याने डीपीची वीज तोडली, फ्यूजची पेटी उघडली, फ्यूजची तार धरणारे किटकॅट उपसले, काळी पडलेली तार काढून नवी पिळली. मी पायावरचे डास मारत त्याला “इकडून दिसतंय का?” असं अदबीने विचारत होतो. चार भागांना मिळून आज तो एकटाच, तोही कंत्राटी. वर आल्यावर बायकोने विचारलं, “झाडलंत का चांगलं?” म्हटलं, बॅटरी धरली. चहाही विचारला.

पण म्हणून बाकीचं माफ नाही. बिल चुकलं की सव्वा टक्का विलंब आकार लगेच चिकटतो. स्थिर आकार तर अंधारातही स्थिर. आणि ह्याच महिन्यात वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल! कुणाची सुरक्षा? किती तासांत वीज परत द्यायची, नाही दिली तर ग्राहकाला भरपाई किती, हे वीज नियामक आयोगाने ठरवून ठेवलंय. मागून बघा. त्यांच्या नोंदीत माझी वीज पावणेबाराला आलेली आहे, निवारणाच्या मेसेजसकट. मी दोन वाजेपर्यंत अंधारात होतो याला साक्षीदार कोण, तर तो वायरमन. त्याला बिचाऱ्याला अडकवू?

आज सकाळी डोळे चोळत फोन बघितला तर नवा मेसेज. गुरुवार ना आज, देखभालीचा वार! ‘पावसाळापूर्व देखभालीसाठी आपल्या फीडरचा वीजपुरवठा सकाळी १० ते सायंकाळी ५ बंद राहील. सहकार्य करावे.’

वेळ मात्र पाळली हो. दहा म्हणजे दहाला गेली.